मानसिक आजार आणि ताण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कोणाला मानसिक आजार झाल्याचे कळले की पहिला प्रश्न बहुधा "हे कशामुळे झाले?" असाच असतो, आणि त्याचे उत्तर एखाद्या घटनेत शोधले जाते. परीक्षेतील अपयश, मोडलेले लग्न, वडिलांचे अचानक जाणे, सासरचा जाच, डोक्यावरचे कर्ज, अशी ती घटना असते. या शोधात तथ्य आहे, पण त्याच शोधामुळे अनेकदा निष्पाप माणसावर ठपका येतो आणि उपचार लांबतात. म्हणून या पानावर ताणाचा खरा वाटा किती, तो कोठे संपतो आणि कळल्यावर त्याचे करायचे काय, हे शक्य तितक्या काटेकोरपणे मांडले आहे.

ताणामुळे मानसिक आजार होतो, हे खरे आहे का?

काही अंशी खरे आहे, आणि तो अंश प्रत्येक आजारात वेगळा आहे. आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, आणि समायोजन विकार (आयुष्यातील एखाद्या बदलाशी किंवा अडचणीशी जुळवून घेता न आल्याने होणारा त्रास) यांच्या व्याख्येतच ताणदायक घटना अंतर्भूत आहे. तशी घटना घडलेली नसेल तर ते निदान करताच येत नाही. नैराश्य आणि चिंताविकार यांच्यात ताण हा एक मोठा, पण अनेकांपैकी एक घटक असतो. स्किझोफ्रेनिया (भास, निराधार संशय, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे असलेला आजार) आणि बायपोलर विकार (उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार) यांच्यात आनुवंशिकतेचा भाग बराच मोठा असून ताण हा मुख्यतः आजार प्रकट होण्याला किंवा उलटण्याला हातभार लावतो.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून नैराश्याची आनुवंशिकता साधारण ३५ ते ४० टक्के, तर स्किझोफ्रेनियाची ८० टक्क्यांच्या आसपास मानली जाते. हे आकडे लोकसमूहातील माणसामाणसांमधल्या फरकाविषयी आहेत. एखाद्या रुग्णाचा आजार "इतके टक्के आईवडिलांकडून आणि इतके टक्के ताणामुळे" अशी वाटणी त्यावरून करता येत नाही.

ताण आल्यावर शरीरात नेमके काय घडते?

धोका जाणवताच मेंदू दोन मार्गांनी शरीराला सज्ज करतो. पहिला मार्ग काही क्षणांत काम करतो: स्वायत्त मज्जासंस्था जागी होते, ॲड्रेनलिन स्रवते, हृदय जोरात धडधडते, स्नायूंकडे रक्त वळते. दुसरा मार्ग थोडा संथ आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला संदेश देतो, पियुषिका ग्रंथी मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींना चालना देते आणि त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. कॉर्टिसॉल वाढले की ते मेंदूत पोचून हीच साखळी थांबवण्याचा इशारा देते, आणि काम झाल्यावर शरीर पूर्ववत होते. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकातील एका छोट्या पत्रात शरीराच्या या सर्वसाधारण प्रतिसादाचे पहिले वर्णन केले.

ही यंत्रणा जीव वाचवण्यासाठी आहे आणि थोड्या काळाचा ताण तिला सहज पेलवतो. अडचण येते ती ताण महिनोन्महिने न सुटल्यास. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकएवेन यांनी १९९० च्या दशकात असे मांडले की सतत जुळवून घेत राहण्याची किंमत शरीरावर साचत जाते. तिचे परिणाम झोप, भूक, रक्तदाब, प्रतिकारशक्ती, स्मरण आणि भावनांचे नियमन या सर्वांवर होतात.

येथे एक सावधगिरी हवी. नैराश्याच्या अनेक रुग्णांत, विशेषतः तीव्र नैराश्यात, कॉर्टिसॉल वाढलेले आढळते. पीटीएसडीच्या रुग्णांत मात्र ते कित्येकदा सामान्य किंवा कमी असते. त्यामुळे रक्तातील कॉर्टिसॉल तपासून मानसिक आजाराचे निदान होत नाही, आणि "कॉर्टिसॉल उतरवणारी" म्हणून विकली जाणारी चूर्णे व गोळ्या हा या आजारांवरचा उपचार नव्हे.

ताण तर सगळ्यांनाच असतो. मग आजार काहींनाच का होतो?

एकाच पावसात एक शेत चिबडते आणि शेजारच्या शेतात पीक तरारते, कारण जमिनीचा पोत, उतार आणि निचरा वेगळा असतो. मनाच्या बाबतीत या पूर्वस्थितीला प्रवणता म्हणतात. जोसेफ झुबिन आणि बॉनी स्प्रिंग यांनी १९७७ साली स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात ही कल्पना नेमकेपणाने मांडली: प्रत्येक माणसाची प्रवणता वेगळी असते आणि ताण त्या माणसाच्या मर्यादेपलीकडे गेला की आजाराचा झटका येतो. प्रवणता जास्त असेल तर थोडा ताणही पुरतो, आणि कमी असेल तर मोठ्या संकटातूनही माणूस आजारी न पडता बाहेर येतो.

ही प्रवणता केवळ जनुकांत नसते. गर्भावस्थेतील कुपोषण, बालपणीचे अनुभव, दारू-गांजा, दीर्घकालीन शारीरिक व्याधी आणि एकटेपणा या सर्वांचा तीत वाटा असतो. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७० च्या दशकात लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा गंभीर घटना किंवा मोठी अडचण वाट्याला आलेल्या साधारण पाचपैकी एकाच स्त्रीला नैराश्य आल्याचे दिसले. जिला मनातले बोलायला जवळचे माणूस नव्हते, जिच्यावर तीन किंवा अधिक लहान मुलांची जबाबदारी होती, जी घराबाहेर नोकरी करत नव्हती किंवा जिची आई ती अकरा वर्षांची होण्याआधीच गेली होती, तिला धोका अधिक होता. पन्नास वर्षांपूर्वीच्या या निष्कर्षांतला विश्वासाच्या माणसाचा मुद्दा मला आजही सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या हातातला आहे.

"ताणाचे जनुक" सापडले आहे, असे वाचले. ते खरे का?

नाही. २००३ साली न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील तरुणांच्या दीर्घकालीन अभ्यासातून असे प्रसिद्ध झाले की सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या वहनाशी संबंधित एका जनुकाचा विशिष्ट प्रकार असणाऱ्यांना ताणानंतर नैराश्य जास्त प्रमाणात येते. तो निष्कर्ष जगभर गाजला, पण २००९ पासून झालेल्या मोठ्या एकत्रित विश्लेषणांत तो टिकला नाही. आजच्या समजुतीप्रमाणे या आजारांत अत्यल्प परिणाम करणारी शेकडो जनुके गुंतलेली असतात. त्यामुळे घरपोच मिळणाऱ्या जनुक-चाचणीवरून कोणाला नैराश्य येईल हे सांगता येत नाही.

कोणत्या प्रकारचा ताण अधिक घातक असतो?

थॉमस होम्स आणि रिचर्ड राही यांनी १९६७ साली त्रेचाळीस जीवनघटनांची श्रेणी तयार केली आणि जोडीदाराच्या मृत्यूला सर्वाधिक, म्हणजे १०० गुण दिले. भारतीय जीवनाला ती जशीच्या तशी लागू पडत नसल्याने गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली एक्कावन्न घटनांची भारतीय श्रेणी प्रसिद्ध केली, आणि ती आपल्याकडच्या संशोधनात अजूनही वापरली जाते. मात्र अशा गुणांची बेरीज करून स्वतःचे भविष्य पाहू नये. घटनेचा त्या माणसासाठी अर्थ काय, हे बेरजेत येत नाही.

गमावणे, अपमान आणि सुटकेची वाट न दिसणे, या तीन गोष्टी ज्या घटनेत एकत्र येतात ती नैराश्याच्या दृष्टीने विशेष धोक्याची ठरते. पुढे काय होईल याची टांगती तलवार असेल तर चिंताविकार अधिक संभवतो. रोजचा, न संपणारा ताणही कमी लेखता येत नाही: घरातील हिंसा, अन्नधान्याची ओढाताण, जातीवरून होणारी अवहेलना, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षे एकटीने करावी लागणारी शुश्रूषा.

गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० बाळंतिणींचा केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांपैकी २३ टक्के मातांना नैराश्य होते. आर्थिक चणचण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि त्याच्याकडून होणारी मारहाण यांचा या नैराश्याशी संबंध होता, आणि मुलगी झाली असता या धोक्यांचा परिणाम अधिक गडद होत होता. मूल मुलगी असणे हा स्वतः काही ताण नाही. त्यावर घर कसे वागते, हा ताण आहे. "बाळंतपणात असे होतेच" म्हणून अशा स्त्रीचे रडणे सोडून देणाऱ्या प्रत्येक घराने हा निष्कर्ष वाचायला हवा.

बालपणी भोगलेल्या ताणाचे परिणाम मोठेपणी होतात का?

होतात, आणि ते दूरवर पोचतात. १९९८ साली अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिट्टी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातील व्यसन, आईवर होणारी हिंसा अशा बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांची मोजदाद केली गेली. चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव आलेल्यांमध्ये मद्यासक्ती, अमली पदार्थांचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका तसे अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट होता.

जन्मापूर्वीचा काळही येथे मोजावा लागतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भीषण उपासमार झाली. तिच्या ऐन भरात गर्भधारणा झालेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. गरोदर स्त्रीचे पोषण आणि स्वास्थ्य हा पुढच्या पिढीच्या मानसिक आरोग्याचाही प्रश्न आहे, तो असा.

तरीही बालपण कठीण गेलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. एखादी आजी, एखादे शिक्षक, घराबाहेरचे एखादे भरवशाचे माणूस लाभल्यास धोका लक्षणीयरीत्या कमी होतो.

मुलाचा स्किझोफ्रेनिया बारावीच्या ताणाने सुरू झाला, असे आम्हाला वाटते. ते बरोबर आहे का?

शक्य आहे, परंतु क्रम उलटा असण्याची शक्यताही तितकीच गांभीर्याने घ्यावी लागते. स्किझोफ्रेनिया बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून तिशीपर्यंत सुरू होतो आणि परीक्षा, वसतिगृह, नोकरी, प्रेम, लग्न या गोष्टीही त्याच वयात येतात. भास किंवा संशय उघडपणे दिसण्याआधी कित्येक महिने, कधी वर्षे, मूल एकलकोंडे होते, अभ्यासात लक्ष लागत नाही, झोप बिघडते, अंघोळीचाही कंटाळा येतो. या काळात गुण घसरले, मैत्री तुटली किंवा नोकरी सुटली तर ती घटना आजाराचे कारण नसून त्याचे पहिले लक्षण असू शकते.

संशोधक म्हणूनच घटनांचे दोन गट करतात. भावाचा अपघात किंवा गावात आलेला पूर माणसाच्या आजारावर अवलंबून नसतो, तर भांडण, घटस्फोट, बडतर्फी यांवर आजाराची छाया आधीच पडलेली असू शकते. व्हर्जिनिया राज्यातील जुळ्या बहिणींच्या अभ्यासावरून केनेथ केंडलर यांनी १९९९ साली असे मांडले की ताणदायक घटना आणि नैराश्य यांच्यातला संबंध बराचसा कारणाचाच आहे, पण त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग तसा नाही. काही माणसांचा कल त्यांना नैराश्याकडेही नेतो आणि तशा घटनांकडेही. शिवाय आजार झाल्यावर मागे वळून पाहताना आपण सर्वच कारण हुडकत असतो, आणि साधी घटनाही मोठी दिसू लागते.

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण चुकीच्या कारणावरून चुकीचे उपाय होतात. "त्याने धसका घेतला" म्हणून मुलाला वर्षभर मामाकडे ठेवले जाते, बाधा झाली म्हणून देवऋषी गाठला जातो, "लग्न झाले की सुधारेल" म्हणून आजार लपवून मुलगी आणली जाते, आणि तो पुन्हा उलटला की दोष तिच्या पायगुणाला दिला जातो. लग्न हा मानसिक आजारावरचा उपचार नाही. ते स्वतः एक मोठे स्थित्यंतर आहे आणि झोपमोड, खर्च, नवी जबाबदारी यांमुळे ते आजार बळावण्याचेही निमित्त ठरू शकते. स्किझोफ्रेनियात पहिल्या लक्षणांपासून उपचारांपर्यंत जितका काळ वाया जातो तितका पुढचा परिणाम खालावतो, हे अनेक अभ्यासांतून दिसलेले आहे.

आयुष्यात सर्व काही ठीक असतानाही नैराश्य येऊ शकते का?

येऊ शकते. पहिल्या खेपेला बहुधा एखादी ठळक घटना सापडते, पण झटके पुन्हा पुन्हा येत गेले की पुढचे झटके लहानशा निमित्ताने किंवा निमित्ताशिवायही येतात. रॉबर्ट पोस्ट यांनी १९९२ साली या निरीक्षणाची सविस्तर मांडणी केली आणि नंतरच्या अभ्यासांनी नैराश्याच्या बाबतीत त्याला बऱ्याच अंशी पुष्टी दिली. थायरॉईडचे विकार, काही औषधे आणि जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता यांमुळेही नैराश्यासारखी लक्षणे दिसतात. त्यामुळे "तुला काय कमी आहे?" या प्रश्नाने रुग्णाच्या अपराधीपणात भर पडण्यापलीकडे काही साधत नाही.

भूकंप, पूर किंवा अपघात यांतून वाचलेल्या सर्वांना पीटीएसडी होतो का?

नाही. पहिल्या काही दिवसांतील भीती, दचकणे, झोप न लागणे, तीच दृश्ये डोळ्यांपुढे येणे हा असामान्य प्रसंगाला मनाने दिलेला स्वाभाविक प्रतिसाद आहे आणि बहुतेकांत तो आपोआप ओसरतो. ही लक्षणे महिनाभरानंतरही टिकून राहिली आणि कामधंदा व नातेसंबंध कोलमडू लागले तर पीटीएसडीचा विचार केला जातो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांनी आयुष्यात किमान एक गंभीर आघात अनुभवला होता, पण पीटीएसडी झालेल्यांचे प्रमाण ७.८ टक्के होते.

महाराष्ट्राने ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन जाणली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे किल्लारी आणि परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली. वाचलेल्यांची पाहणी करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना पीटीएसडीबरोबर नैराश्यही ठळकपणे आढळले. अशा आपत्तीत आघात त्या एका पहाटेपुरता राहत नाही. पत्र्याच्या निवाऱ्यातले दिवस, नुकसानभरपाईसाठीचे हेलपाटे आणि विखुरलेली भावकी यांचा ताण मागाहून येतो.

आपत्तीनंतर लगेचच प्रत्येकाला एकत्र बसवून प्रसंग तपशीलवार सांगायला लावण्याची पद्धत एकेकाळी रूढ होती. तिने पीटीएसडी टळत नाही आणि काहींना त्रास वाढू शकतो, हे चाचण्यांतून स्पष्ट झाल्याने ती आता सुचवली जात नाही. सुरक्षित निवारा, अन्न, हरवलेल्या नातेवाइकांचा पत्ता, खरी माहिती, आणि ज्याला बोलावेसे वाटेल त्याचे शांतपणे ऐकणे, हा पहिला मानसिक आधार होय.

शेतकऱ्यांच्या आत्महत्या ताणामुळे होतात की मानसिक आजारामुळे?

या दोन उत्तरांतून एकच निवडण्याचा आग्रह मला घातक वाटतो. केवळ आजार म्हटले की कर्ज, नापिकी, कोसळलेले भाव आणि सावकारी यांवरची जबाबदारी निसटते. केवळ ताण म्हटले की उपचारांनी वाचू शकणारी माणसे उपचारांविना राहतात. कर्जामुळे नैराश्य येते, नैराश्यामुळे निर्णय घेता येत नाहीत, शेतीकडे दुर्लक्ष होते, दारू वाढते आणि कर्ज आणखी चढते. हे चक्र कोणत्याही बाजूने तोडले तरी जीव वाचू शकतो.

अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाने राबवलेल्या उपक्रमात गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नैराश्य ओळखणे, पहिला आधार देणे आणि गरजूंना पुढच्या उपचारांशी जोडणे ही कामे केली. २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'त प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. घरात कीटकनाशके हाताशी न ठेवता कुलपात ठेवणे हा साधा उपायही अनेक जीव वाचवू शकतो, कारण आत्मघाताची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते.

दीर्घकाळच्या ताणाने मेंदूला कायमची इजा होते का?

प्राण्यांवरील प्रयोगांत दीर्घ ताणाने हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागातील चेतापेशींच्या शाखा आखडतात, आणि ताण थांबला की बऱ्याच अंशी पुन्हा वाढतात. माणसांच्या बाबतीत घाईने निष्कर्ष काढू नये. पीटीएसडी झालेल्या व्हिएतनाम युद्धातील सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान दिसला तेव्हा तो आघाताचा परिणाम मानला गेला. पण २००२ साली त्यांच्या युद्धावर न गेलेल्या एकसारख्या जुळ्या भावांची तपासणी झाली, तर त्यांचाही तो लहानच होता. म्हणजे निदान काही अंशी ती आधीपासूनची प्रवणता होती.

घरच्यांचे वागणे आजार वाढवू शकते का?

आजार निर्माण करण्याचा दोष घरच्यांवर टाकणे चुकीचे आहे. "आईच्या वागण्यामुळे स्किझोफ्रेनिया होतो" हा विसाव्या शतकाच्या मध्यातील सिद्धांत पुराव्याअभावी कधीच बाद झाला, आणि त्याने असंख्य मातांना विनाकारण छळले. आजार झाल्यानंतर मात्र घरातील वातावरणाचा परिणाम होतो. सतत टोचून बोलणे, वैरभाव, किंवा याउलट मोठ्या माणसालाही एक पाऊल एकट्याने टाकू न देणे, असे वातावरण असलेल्या घरांत आजार उलटण्याचे प्रमाण जास्त आढळते. कुटुंबाला आजाराची माहिती आणि संवादाचे प्रशिक्षण दिल्यास हे प्रमाण घटते. शुश्रूषा करणाऱ्यालाही विश्रांती लागते. तिची व्यवस्था करणे हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग समजावा.

ताण दूर झाला की आजार आपोआप बरा होतो का? मग औषधे कशाला?

समायोजन विकारात बहुधा तसे होते. ताण संपल्यावर सहा महिन्यांच्या आत लक्षणे मावळतात. नैराश्य, पीटीएसडी किंवा स्किझोफ्रेनिया एकदा स्थिरावल्यावर मात्र कारण गेले तरी आजार राहू शकतो. सौम्य नैराश्यात समुपदेशन आणि वर्तनाधारित उपचार पुरेसे ठरू शकतात. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांकरवी दिलेले असे उपचार तीव्र नैराश्यातही उपयोगी पडल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. मध्यम ते तीव्र आजारात औषधांची जोड अनेकदा लागते, आणि स्किझोफ्रेनिया व बायपोलर विकारात औषधे हा उपचारांचा पाया असतो. औषधे घेतल्याने घरातील मारहाण किंवा कर्ज संपत नाही, म्हणून ताणाचे मूळही त्याच वेळी हाताळावे लागते. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत. त्यांची सवय लागते.

बायपोलर विकार असलेल्यांनी झोप विशेष सांभाळावी. लग्नघरातील जागरणे, रात्रपाळी किंवा परदेशप्रवास यांमुळे झोप तुटली की उन्मादाचा झटका येऊ शकतो.

मदत कधी आणि कोठे घ्यावी?

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, कशातच रस न वाटणे, झोप किंवा भूक बिघडणे. आघातानंतर महिन्याभरानेही न ओसरणारी भीती. भास, निराधार संशय, असंबद्ध बोलणे. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. मरणाचे विचार बोलून दाखवले जात असतील तर त्या माणसाला एकटे न सोडता त्याच दिवशी मदत घ्यावी. "मनात मरणाचे विचार येतात का?" असे थेट विचारल्याने ते विचार बळावत नाहीत, उलट माणसाला बोलायला वाट मिळते.

केंद्र शासनाची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात, आणि ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर पोलिसांचा ससेमिरा लागेल, या भीतीने रुग्णालयात नेणे टाळावे का?

मुळीच टाळू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि त्या प्रयत्नासाठी तिच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही. अशा व्यक्तीला काळजी, उपचार आणि पुनर्वसन पुरवण्याचे कर्तव्य त्याच कलमाने शासनावर टाकले आहे. याच कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण देणे बंधनकारक आहे. त्यामुळे पॉलिसी घेताना आणि दावा करताना या कलमाचा लेखी उल्लेख जरूर करावा.